गाढव नाक्यावरचे अश्वतज्ज्ञ

भांडुप पश्चिमेला गाढव नाका आहे. पाहुण्यांना पत्ता सांगताना आमच्या इमारतीतली माणसं हे नाव जरा घाईने उच्चारतात. आमचे शेजारी भाऊ मात्र अलीकडे छाती काढून सांगतात, ‘‘सोमवार ते शनिवार गाढव नाका, रविवारी महालक्ष्मी!’’ निवृत्त होईपर्यंत भाऊंचा घोड्याशी संबंध आला तो वरातीपुरता, आणि घोड्यावर नेहमी दुसराच बसलेला असे. मग एका रविवारी भाच्याने त्यांना रेसकोर्सवर नेलं आणि इमारतीत डॉक्टर एकही नसताना अश्वतज्ज्ञ एक झाला.

आपल्याकडे ‘रेस’ हा शब्द घरातल्या मोठ्यांनी कायम आवाज खाली आणून उच्चारला. कुणाच्या तरी काकांचं दुकान गेलं, कुणाच्या तरी आईच्या पाटल्या गेल्या, एवढाच त्याचा कौटुंबिक इतिहास. त्यामुळे वहिनींनी पहिल्याच आठवड्यात कपाटाची किल्ली कमरेला लावली. भाऊंनी थेट सर्वोच्च न्यायालय काढलं. घोड्यांची शर्यत हा नशिबाचा नव्हे, कौशल्याचा खेळ आहे असा निकाल त्या न्यायालयाने १९९६ साली दिलेला आहे. तो भाऊंनी तोंडपाठ केला होता. वहिनी मालवणच्या. त्यांनी शांतपणे विचारलं, ‘‘कौशल्य घोड्याचां का तुमचां, तां लिवलेलां आसा निकालात?’’ हा मुद्दा अजून प्रलंबित आहे.

कौशल्य म्हटलं की अभ्यास आला, आणि अभ्यास म्हटलं की भाऊंची वही. आयुष्यभर कचेरीत काम केलेल्या माणसाला मजासुद्धा रकाने आखल्याशिवाय करता येत नाही. शनिवारी रात्री जेवण उरकलं की रेसचं पुस्तक, निळं पेन, लाल पेन आणि चष्मा अशी मांडामांड होते. जगातला प्रत्येक थरोब्रेड घोडा बापाच्या बाजूने शेवटी तीन मूळपुरुषांपाशी जाऊन पोचतो, हे कळलं त्या रात्री भाऊंना झोप लागली नाही. बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन! सुमारे तीनशे वर्षांची वंशावळ, तीही नावानिशी नोंदलेली. ‘‘आणि आमच्या सातबाऱ्यावर,’’ भाऊ विव्हळले, ‘‘सख्ख्या आजोबांचं नाव अजून चुकीचं आहे.’’

पुढच्या शनिवारी त्यांना दुसरा शोध लागला. घोडा जन्मला केव्हाही, तरी रेसच्या हिशोबात त्याचा वाढदिवस १ जानेवारीच. भाऊंचा गळा दाटून आला. त्यांच्या गावच्या मास्तरांनीही शाळेत नाव घालताना आख्खा वर्ग १ जूनला जन्माला घातला होता. भाऊही त्यातलेच. त्या दिवसापासून भाऊ घोड्यांविषयी बोलताना ‘आपल्यातले’ असा शब्द वापरतात.

हँडिकॅप हा प्रकार मात्र कुणी समजावण्याआधीच त्यांना कळला. जो घोडा चांगला धावतो त्याच्या पाठीवर पुढच्या वेळी जास्त वजन द्यायचं, म्हणजे मागच्यांनाही संधी मिळते. ‘‘म्हणजे आमची कचेरी,’’ भाऊ म्हणाले. ‘‘जो काम करतो त्याच्याच टेबलावर फायली.’’

रविवारी मात्र भाऊंची कसोटी शर्यतीआधीच लागते. मालवणी घरातल्या रविवारच्या कोंबडी-वड्यांनंतर वामकुक्षीऐवजी बूट घालायचे, याला मनाचा निग्रह लागतो. त्यात मेगाब्लॉक. भांडुपहून दादर, दादरचा पूल, मग पश्चिम रेल्वेने महालक्ष्मी. इंडियन डर्बीचं २,४०० मीटर अंतर घोडा अडीच मिनिटांच्या आसपास संपवतो. रविवारी भांडुपची गाडी तेवढ्यात कांजूरमार्गच्या सिग्नललाही पोचत नाही. ‘‘वजन जास्त दिलंय तिला,’’ भाऊ तज्ज्ञपणे सांगतात.

महालक्ष्मीचं रेसकोर्स १८८३ सालचं. आत शिरल्यावर नवखा माणूस आधी घोडे बघतो असं कुणाला वाटेल. आमचे भाऊ आधी जमीन बघत राहिले. ज्याच्या इमारतीचा पुनर्विकास गेली कित्येक वर्षं चर्चेतच आहे अशा माणसाला एवढं मोकळं आकाश एकदम सोसत नाही. ‘‘बिल्डरच्या नजरेतून हे सुटलं कसं?’’ हा त्यांचा पहिला प्रश्न. मग त्यांनी तेही वाचून काढलं. टर्फ क्लबचा भाडेपट्टा २०१३ साली संपला आणि २०२४ मध्ये ठरलं, की १२० एकर महापालिकेच्या उद्यानाला आणि ९१ एकर क्लबकडे. एकराचे चौरस फूट करताना वहीची दोन पानं आणि दोन शर्यती गेल्या.

भाऊंची खरी जागा पॅडॉकच्या कठड्यापाशी. शर्यतीपूर्वी घोडे तिथे गोल फिरवतात. अंगावर उन्हाची चकाकी, ताणलेल्या शिरा, जमिनीला जेमतेम टेकणारे पाय. मान्य करायला हवं, की जवळजवळ पाचशे किलोचं ते जनावर समोरून गेलं की शेअरबाजारावर बोलणारेही गप्प होतात. भाऊ गप्प होत नाहीत. ‘‘तीन नंबर घामाघूम झालाय, नको. पाच नंबर उद्धट वाटतो.’’ मग ज्याने त्यांच्याकडे वळून पाहिलं असेल तो घोडा ते निवडतात आणि वहीतला शनिवार रात्रीचा अभ्यास तिथेच रद्द होतो. पन्नास-पंचावन्न किलोचा जॉकी खोगिरावर चढताना पाहून त्यांना दुपारचे वडे आठवतात, पण तो विचार ते लगेच झटकतात.

पैजा घेणाऱ्या ‘टोट’च्या खिडकीवर भाऊ ‘प्लेस’ लावतात. घोडा दुसरा-तिसरा आला तरी काहीतरी परत मिळतं. पहिल्या तिघांचा क्रम अचूक सांगायचा, तो ‘टनाला’ खेळायला छाती लागते. भाऊंकडे पेन्शन आहे. सावधगिरी म्हणून ते एकाच शर्यतीत तीन घोड्यांवर पैसे लावतात. एक येतो, दोन बुडवतात. जमलेल्या पैशांतून कपात होऊन उरलेली रक्कम जिंकणाऱ्यांत वाटायची, हा टोटचा हिशोब. त्यामुळे सगळ्यांचा लाडका घोडा जिंकला की हातात चहाचे पैसे पडतात. वर जीएसटी. २०२३ च्या ऑक्टोबरपासून पैजेच्या पूर्ण रकमेवर २८ टक्के, २०२५ च्या सप्टेंबरपासून ४०. घोडे सुटण्याआधी जिंकलेला एकच खेळाडू मैदानावर असतो, तो म्हणजे सरकार.

मग दारं उघडतात आणि घोडे सुटतात. पलीकडच्या बाजूला नुसते रंगीत ठिपके दिसतात. भाऊ दुर्बीण लावतात. ती मूळची भांडुप पंपिंग स्टेशनला फ्लेमिंगो बघायला घेतलेली. शेवटचं वळण आलं की स्टँड उभा राहतो आणि भाऊंची प्रमाण मराठी बसते. डोळे मिटून, हात जोडून ते गाऱ्हाणं घालतात, ‘‘बा देवा म्हाराजा, ह्या चार नंबराच्या पायात बळ दी रे म्हाराजा! त्या सातचा वाईट करू नको, पण त्याका वाईच दमव रे म्हाराजा!’’ एकदा मागच्या रांगेतून दोन अनोळखी गृहस्थांनी खणखणीत साथ दिली, ‘‘व्हय म्हाराजा!’’ पुढे बसलेल्या पारशी आजोबांनी टोपी काढली. चार नंबर चौथा आला.

नवा रेसवाला घोडा ओळखायला शिकतो वर्षानुवर्षांनी. हरल्याचं कारण सांगायला पहिल्याच दिवशी शिकतो. जॉकीने उशिरा सोडला, माती जड होती, घोड्याला अंतर पुरलं नाही. भाऊंच्या वहीत या कारणांना स्वतंत्र रकाना आहे आणि तोच सर्वांत भरलेला आहे.

सोमवारी सकाळी दुधाच्या रांगेत प्रवचन. १९४३ ची पहिली इंडियन डर्बी प्रिन्सेस ब्यूटिफुल या घोडीने जिंकली, हे ते वहिनींना ऐकू जाईल अशा बेताने सांगतात. त्याहून आवडती गोष्ट पूनावालांची. त्यांच्या पागेतले निवृत्त घोडे परळच्या हाफकिन संस्थेला सीरम बनवण्यासाठी जात. तिथूनच स्वतः सीरम बनवण्याची कल्पना आली आणि १९६६ साली पुण्यात सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. ‘‘तुमच्या दंडातली कोविशील्ड कुठून आली? पागेतून!’’ तेव्हापासून भाऊ रविवारचा तोटा औषधपाण्याच्या खात्यावर टाकतात. वहिनींनीही आता किल्ली कमरेची काढून खिळ्यावर टांगली आहे. भाऊंची उडी शंभर-दोनशेच्या पुढे जात नाही, हे त्यांनी भाऊंच्याच वहीत वाचलं.

मुंबईचा मोसम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल असतो. एकदा जाऊन या. गेले तरी चालतील एवढेच पैसे खिशात ठेवा, बाकीचे घरी. पॅडॉकपाशी उभे राहा आणि घोडा डोळे भरून बघा. त्यावर अजून वेगळा जीएसटी नाही. फक्त टिप कुणाला विचारू नका. भाऊंना तर नकोच, कारण ते देतील.