कोरड्या वाळूची घसरगुंडी

जावयानं सासऱ्याला फार तर काशीला न्यावं. आमच्या जावईबापूंची नोकरी लास वेगासला, त्यामुळे त्यांनी तीनेक तास मोटार हाकून आम्हाला युटाच्या वाळवंटात नेलं. ‘कोरल पिंक सँड ड्यून्स’ हे तिथलं स्टेट पार्क. वाटेत झायन नॅशनल पार्कचे कडे लागले. उंच आहेत.

“बाबा, इथं वाळूवरून घसरायचं!” जावईबापू म्हणाले. यांच्यासमोर कुठं पाय घसरू नये म्हणून मी मुलीच्या लग्नापासून जपतोय, आणि इथं घसरायची फळी चक्क भाड्यानं मिळत होती! वर फळीला घासायला मेणाचा तुकडा.

पाऊल फूटभर वर टाकावं, तर वाळू पाऊणफूट परत घेते. त्यात जागा सुमारे ६,००० फुटांवर, म्हणजे आमच्या कळसूबाईच्याही वर. धाप दिसू नये म्हणून मी थांबून थांबून अभ्यासू प्रश्न विचारत होतो. वाळू गुलाबी का? नवाहो वालुकाश्मातल्या लोहामुळे. इथंच का साठली? दोन डोंगरांमधल्या खिंडीतून वारा वेगानं घुसतो, मोकळ्यावर आला की जोर ओसरतो आणि वाळू खाली पडते. इथला एक टायगर बीटल जगात दुसरीकडे कुठंच सापडत नाही. त्याच्यासाठी काही भाग गाड्यांना बंद आहे. उरलेल्या टेकड्यांवर जाड चाकांच्या गाड्या अशा बोंबलत हिंडतात की त्या किड्याचा हेवा वाटावा.

माथ्यावर फळीवर बसलो. पाय उचलले. गणपतीचं नाव घेतलं. काहीच झालं नाही.

“बाबा, थोडं पुढं वाका.”

पोटानं परवानगी दिली तेवढा वाकलो. जावयांनी मागून रेटलं, तेव्हा फळी गेली आणि मी राहिलो. पुन्हा मेण. या खेपेला हातभर सरकून फळीनं वाळूत नाक खुपसलं, पाठोपाठ मीही. एक गोरं पोर जवळ येऊन, मदत हवी का, असं विचारून गेलं.

“रात्री पाऊस झालाय ना, वाळू ओली आहे,” जावई म्हणाले. माझ्या वजनाचं त्यांनी नावही काढलं नाही. पोरीनं माणूस चांगला निवडलाय.

दुपारी ऊन चढलं, वाळू सुकली. चढताना पावलागणिक कण्हलेल्या बायकोनं ओढणी कमरेला खोचली, फळी घेतली आणि कुणालाही न विचारता सुटली. खाली पोचून वाळूत लोळत हसत राहिली. मी वरून “गुडघे!” असं ओरडलो, पण अगदी हळू. तिला ऐकू जायला नको होतं.

जाणार असाल तर आदल्या रात्रीचा पाऊस विचारून घ्या. ओल्या वाळूपुढं मेण हरतं. वाळू कोरडी झाल्यावरच फळी घ्या, आणि भाडं जावयाला भरू द्या.