तीन महिन्यांचा पास, वीस वर्षांचा हप्ता

"दोन-तीन वर्षांचाच प्रश्न आहे हो. मग कांदिवली, नाहीतर निदान मीरा रोड."

विरार पश्चिमेला किंवा वसई पूर्वेला नव्या घरात सत्यनारायण असला की शिऱ्यासोबत हे वाक्य मिळतंच. बोलणारा गृहस्थ तिशीच्या आसपासचा, अंगात लग्नातलाच कुर्ता, कपाळाला ताजं गंध. पाहुण्यांना घर दाखवताना 'हा हॉल' आणि 'हे किचन' ही दोन्ही वाक्यं तो एकाच फरशीवर उभा राहून म्हणतो. फक्त मान वळवली की पुरतं. बायको शेजारी उभी राहून मान डोलावते. तिला हे भाषण साखरपुड्यापासून पाठ आहे. मी या भागात बरीच वर्षं काढली आणि असे पुष्कळ सत्यनारायण जेवलो. त्यातला कुणी कांदिवलीला गेल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

हा गृहस्थ मूळचा इथला नव्हे. इथले म्हणजे आगाशी, नंदाखाल, निर्मळ, पापडीकडचे वाडवळ, सामवेदी, आगरी, कोळी. त्यांना वाडी आहे, विहीर आहे, आणि या नव्या मंडळींकडे बघून हसायला भरपूर वेळ आहे. आपला माणूस परळ-लालबागचा. १९८२च्या गिरणी संपानंतर त्याचे काका-मामा चाळीतली खोली विकून नालासोपाऱ्याला आले ते नाइलाजाने. हा आला तो हिशेब मांडून. दहा बाय बाराच्या खोलीत आई-वडील, आजी आणि थोरला भाऊ-वहिनी. त्यात आणखी एक जोडपं मावेल असं फक्त आजीला वाटत होतं. म्हाडाच्या लॉटरीत नंबर लागावा म्हणून अख्खी मुंबई सिद्धिविनायकाला साकडं घालते. विरार-बोळींजला मात्र म्हाडाच हजारो घरं मांडून 'प्रथम येणाऱ्यास प्राधान्य' म्हणत गिऱ्हाइकाची वाट बघत बसली होती. मुंबईच्या इतिहासात गिऱ्हाइकाला असा भाव क्वचितच मिळाला असेल.

लग्नाआधी वसई म्हणजे त्याच्या लेखी किल्ला. प्री-वेडिंगचं शूटिंग तिथेच झालेलं असतं. ती पडक्या कमानीतून गाऊन सावरत येते, हा भिंतीला टेकून तिची वाट बघत असल्याचं दाखवतो, आणि मागच्या बुरुजावर दुसरं जोडपं आपल्या नंबरची वाट बघत उभं असतं. हा किल्ला पोर्तुगिजांकडून घ्यायला चिमाजी अप्पांना १७३९ साली तीन महिने वेढा घालावा लागला होता. फोटोग्राफर अडीच तासांत घेतो, ड्रोनसकट.

मग आधार कार्डावरचा पत्ता बदलतो आणि 'जिल्हा : पालघर' असं छापून येतं. १ ऑगस्ट २०१४ला ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला, त्यात वसई तालुका गेला, हे परळच्या आईला कुणी सांगितलेलं नसतं. ती कार्ड चष्म्यासमोर धरते आणि डोळ्यांना पदर लावते. "लोकांच्या मुली लग्न होऊन परजिल्ह्यात जातात. आमचा मुलगाच गेला."

संसाराची शिकवणी खरी सुरू होते ती फलाटावर. पहिल्या आठवड्यात हा गाडी थांबण्याची वाट बघतो. संस्कार चांगले. गाडी थांबते तोवर खिडक्या गेलेल्या असतात, मधल्या जागा गेलेल्या असतात, आणि तिघांच्या बाकावर चौथ्याला मिळणारी ती वीतभर किनार, जिच्यावर अर्धा माणूस बसतो आणि अर्धा तरंगतो, तिच्यावरही कुणीतरी डोळे मिटून बसलेला असतो. चालत्या गाडीत उडी घेणारे ते लोक वेडे आहेत, असं तो घरी येऊन सांगतो. सहा महिन्यांत तो त्यांच्यात असतो. नालासोपाऱ्यात घर घेतलेला असेल, तर आधी उलटा विरारला जातो, तिथे जागा धरतो आणि बसल्या बसल्या पुन्हा स्वतःच्याच स्टेशनावरून पुढे जातो. सासऱ्यांना हे पटवून देताना त्याचा चेहरा म्युच्युअल फंड समजावणाऱ्या एजंटाचा असतो.

१२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईला पहिली लोकल सुटली. सकाळी एक जायची, संध्याकाळी एक यायची. आता गाड्यांना तोटा नाही, पंधरा डब्यांच्याही आहेत, एसीही आहेत. पण चढणारा प्रत्येक जण आजही हीच काय ती एकुलती एक गाडी आहे अशाच बेताने चढतो.

बायकोचं बस्तान मात्र पहिल्याच महिन्यात बसतं. लेडीज डब्यात तिला ग्रुप मिळतो. तिथे मटार सोलले जातात, ड्रेसपीस विकले जातात, भिशी फिरते, नवरात्रात नऊ दिवस नऊ रंग निघतात आणि संक्रांतीचं हळदीकुंकू दहिसर ते अंधेरी यादरम्यान उरकतं. दाताचा बरा डॉक्टर कोण, पोळ्यांना मावशी कुठून आणायच्या, सासूबाई राहायला आल्या की कुठल्या विषयावर अजिबात बोलायचं नाही, ही सगळी माहिती घरात याच डब्यातून येते. नवरा तोवर दारात बॅग पोटाशी धरून 'भाईंदर कुठल्या बाजूला येतं' एवढंच शिकत असतो. मला विचाराल तर वसई-विरारमधली बायको पुरुषापेक्षा चांगली तीन-चार वर्षं आधी प्रौढ होते, आणि त्याचं श्रेय तिच्या स्वभावापेक्षा त्या डब्याला जास्त आहे.

या घरात घड्याळ भिंतीवर असतं ते शोभेला. संध्याकाळचा वेळ स्टेशनांवर मोजतात. जो आधी घरी पोचला त्याने स्वयंपाकाला लागायचं, हा लग्नातल्या सात वचनांनंतरचा आठवा करार. "भाईंदर" असा एका शब्दाचा मेसेज आला की डाळ-तांदूळ धुवायचे. "पूल" आला, म्हणजे गाडी खाडीवर आली, की कुकर चढवायचा. नालासोपाऱ्याला तिसरी शिट्टी. गाडी सिग्नलला थांबली तर भात गिचका होतो आणि दोघं मिळून रेल्वेला शिव्या घालतात. नवरा-बायकोचं एवढं एकमत एरवी कुठल्याच विषयावर होत नाही.

रविवारचा मासळीबाजार हा या गृहस्थाचा वार्षिक परीक्षेचा पेपर, फक्त तो दर आठवड्याला असतो. चाळीत असताना मासे आई आणायची. हा फक्त खायचा. आता पिशवी हातात, आणि समोर अर्नाळ्याची कोळीण. तो आईला व्हिडिओ कॉल लावतो.

"डोळे बघ, डोळे," आई म्हणते.

तो कोळणीकडे बघतो.

"अरे मेल्या, पापलेटचे! आणि कल्ल्याजवळ दाब. पांढरं पाणी येतंय का?"

तो दोन बोटांनी पापलेटला बरं वाटतंय ना असं विचारल्यासारखं दाबतो. कोळीण हे किती वेळ बघणार? ती त्याच्या हातातून फोनच काढून घेते. "आई, तुमच्या पोराला काय नाय कळत. तुमी माझ्याशी बोला." मग दोघींचं जमतं. भाव ठरतो, घासाघीस होते, कोळणीच्या मुलीचं लग्न कुठे ठरलं तेही निघतं, परळला सुरमई कशी मिळते याची चौकशी होते. हा मध्ये पिशवी उघडी धरून उभा. शेवटी फोन परत मिळतो तेव्हा त्याला खवल्या चिकटलेल्या असतात, आणि वाटा आईच्या शब्दावर वाढवून मिळालेला असतो. घरी आल्यावर तो बायकोला सांगतो, "बरोबर घासून आणलं."

पण प्रौढपण पूर्ण होतं ते सोसायटीत. लग्नाआधी हाच माणूस दोन मित्रांबरोबर भाड्याची जागा शोधत फिरत होता. "बॅचलर देत नाही," हे वाक्य त्याने इतक्या जिन्यांवर ऐकलं होतं की चप्पल काढण्याआधीच वळायची सवय लागली होती. आता तो पहिल्याच वार्षिक सभेला जातो, आणि तिथे भाडेकरूंचा विषय निघताच हात वर करतो. "बॅचलर नकोत. फॅमिली वातावरण आहे आपलं." ठराव एकमताने संमत. सेक्रेटरीकाका त्याच्याकडे कौतुकाने बघतात आणि विचारतात, "तुला एक्सेल येतं का रे?"

येतं म्हणाला की संपलं. तो खजिनदार होतो.

त्या दिवसापासून त्याच्या डोक्यात पाणी शिरतं, म्हणजे पाण्याचा विषय. सूर्या प्रकल्प, उसगाव, पेल्हार, पापडखिंड ही नावं शाळेत कुणी शिकवली नव्हती. आता धरणांची पातळी तो शेअर बाजारापेक्षा जास्त बारकाईने बघतो. रात्री साडेअकराला फोन येतो: "साहेब, टँकर गेटवर आहे, गेटवर सायकल लावलीय कोणीतरी." हा बर्म्युडावर खाली उतरतो. सायकल हलवतो, पाइप टाकीत सोडतो, मोबाइलची बॅटरी टाकीत मारून पाणी कुठवर आलं बघतो, दहा हजार लिटरच्या पावतीवर सही करतो, आणि ड्रायव्हरला "दादा, मागच्या वेळी कमी होतं हां" असं सांगतो. कमी होतं की नाही हे त्याला ठाऊक नसतं. पण असं म्हणायचं असतं, हे त्याला कळलेलं असतं. वर गॅलरीत बायको उभी राहून हे सगळं बघते. लग्नाच्या मांडवातल्या मुंडावळ्या बांधलेल्या पोरापेक्षा हा बर्म्युडातला माणूस तिला जास्त भरवशाचा वाटत असावा, असा माझा अंदाज आहे. विचारायची सोय नाही.

पावसाळ्याची गोष्ट वेगळी. जुलै २०१८मध्ये वसई, नालासोपारा पाण्यात गेलं, रुळांवर पाणी, वीज बंद. त्या वर्षी तळमजल्यावरची बिऱ्हाडं वरच्या मजल्यांवर गेली आणि ज्या शेजाऱ्यांशी पार्किंगवरून भांडण होतं त्यांच्याच घरी पिठलं-भात जेवली. नव्याने आलेल्यांना हे ऐकवलं जातं, दरवर्षी जूनमध्ये, न चुकता.

नातेवाईक येतात ते फक्त एकदा. "एवढ्या लांब?" हा त्यांचा पहिला प्रश्न, "गोड बातमी कधी?" हा दुसरा. पहिल्याचं उत्तर त्याने तयार ठेवलेलं असतं: विरारला बुलेट ट्रेनचं स्टेशन होणार आहे. बीकेसीहून ठाणे, मग विरार, बघता बघता. विरार-अलिबाग कॉरिडॉरही येतोय. दुसऱ्या प्रश्नाचंही तेच उत्तर तो देतो. काकू चक्रावतात, पण गप्प बसतात. जाताना त्यांच्या हातात वसईच्या सुकेळीचं पाकीट पडतं. घरी जाऊन त्या फोन करतात की केळी फार छान, पुढच्या वेळी येताना आणखी आण. येताना, म्हणजे त्याने. त्या काही पुन्हा येत नाहीत.

पाच-सहा वर्षांत कांदिवलीचं नाव निघेनासं होतं. जीवदानीच्या पायऱ्या तो दर नवरात्रात चढतो आणि रोपवेने जाणाऱ्यांकडे किंचित तुच्छतेने बघतो. डब्यात खिडकी नक्की झालेली असते. दसऱ्याच्या आदल्या दिवशी डब्याला झेंडूचं तोरण बांधताना वर्गणी तोच गोळा करतो, कारण एक्सेल येतं. आणि संध्याकाळच्या विरार फास्टमध्ये बोरिवलीला उतरायचं म्हणून कुणी दाराशी सरकलं, की सगळ्यांत आधी आवाज चढतो तो याचाच.

तेव्हा बोरिवलीकरांना एक विनंती. संध्याकाळी चर्चगेटहून विरार फास्टमध्ये चढू नका. तुमच्यासाठी बोरिवलीच्या गाड्या भरपूर आहेत. चढलातच, तर मधे उतरायच्या भानगडीत न पडता सरळ विरारपर्यंत या आणि त्याच्याकडे जेवून जा. पूल ओलांडताना फक्त मेसेज टाका, म्हणजे तांदूळ वाढवून घेतील. टँकर आला असेल तर हातपाय धुवायलाही मिळतील.