शॉर्टकटराव

औंढा नागनाथच्या दर गल्लीत एक शॉर्टकटराव निघतोच: पुण्याला नोकरीला गेलेला, सणाला लॅपटॉपसकट घरी येणारा. लिनक्सच्या काळ्या पडद्यावर तीच आज्ञा दुसऱ्यांदा टाइप करायची वेळ आली की त्याला अपमान वाटतो. लगेच 'बॅशआरसी' फाइल उघडून तो अलायस, म्हणजे आज्ञेचं छोटं टोपणनाव, लिहितो आणि 'गिट स्टेटस'चं 'जीएस' होतं. वेळ वाचतो! पण पीडीएफ हाताळणारं घोस्टस्क्रिप्ट आधीपासून 'जीएस' याच नावानं चालतं. ते ओ का देत नाही हे शोधण्यात संध्याकाळ जाते आणि शेवटी घोस्टस्क्रिप्टलाही नवा शॉर्टकट मिळतो. वेळ वाचतो!

त्याचा बचाव ठरलेला: युनिक्स अशाच आळशांनी घडवलं. केन थॉम्प्सन, डेनिस रिची यांच्या युनिक्समध्ये 'एलएस', 'सीपी', 'एमव्ही' अशी दोनअक्षरी नावं आली; बिल जॉयच्या सी शेलमध्ये सत्तरच्या दशकातच अलायस होतं. मुद्दा खरा, पण अर्धा. ती नावं जगभर चालतात. याचं 'क्यूक्यू' फक्त यालाच कळतं. बॅशच्या स्क्रिप्टमध्ये अलायस सहसा चालतही नाही. फाइल पुसणाऱ्या 'आरएम'चं 'आरएम -आय' करून ठेवणाऱ्याची गत तर आणखी वाईट. पुसण्याआधी विचारलं जाणारच, या भरवशावर तो परक्या सर्व्हरवर बिनधास्त 'आरएम' मारतो, आणि तिथं कुणीच काही विचारत नाही. औंढ्याच्याच तालुक्यात २०२३ साली सुमारे २,६०० कोटींची मंजुरी मिळालेली, गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा व्हायची आहे, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांची. तसल्या कामात आपली आज्ञा वाचणारा दुसऱ्या खंडातही असू शकतो. त्याच्यासाठी ती पुरतीच लिहायला हवी.

तरीही या माणसाला निकालात काढणं जमत नाही. तेच ते करण्याचा ज्याला कंटाळा येतो, तोच यंत्राला कामाला लावतो. शिवाय नुसतं 'अलायस' टाइप केलं की त्याची सगळी यादी उमटते: सोडलेल्या नोकरीचा सर्व्हर, अर्धवट राहिलेला प्रबंध आणि 'घर'. हा शेवटचा शॉर्टकट औंढ्यातल्या ज्या संगणकाला जोडायचा, तो केव्हाच भंगारात गेला. आता 'घर' म्हटलं की बराच वेळ काहीच होत नाही, मग 'कनेक्शन टाइम्ड आउट' येतं. तरी तो ती ओळ काढत नाही. तिथं वेळ वाचवायचा नसतो, एवढं त्यालाही कळतं. म्हणून मागणी इतकीच, की प्रत्येक शॉर्टकटशेजारी तो कशासाठी आहे, हे एका ओळीत लिहावं. ती तो आनंदानं मान्य करतो आणि त्या ओळी लिहिण्यासाठी आधी एक शॉर्टकट करायला बसतो.