तोफूसान

जपानी माणूस व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी घेतो आणि आदराने वाचतो. तोफूसान जरा जास्तच वेळ वाचतात. समोरचा खूश होतो. त्या बिचाऱ्याला काय माहीत, की हे गृहस्थ त्याचा हुद्दा बघत नसून आडनावातल्या रेघा तपासताहेत! "ताकाहाशी. पण शिडीचा ताका!" असं पुटपुटत ते कार्ड जपून ठेवतात. मधला भाग शिडीसारखा उभा जोडलेला हा 'ताका' जपानच्या जुन्या संगणकीय प्रमाणसंचात नाही. त्या संचात ६,३५५ कांजी, म्हणजे जपानीत वापरली जाणारी चिनी अक्षरं, आहेत, पण तोफूसानचा जीव अडकतो तो सहा हजार तीनशे छप्पन्नाव्यात.

फाँट बनवणाऱ्या टोकियोतल्या कुठल्याही ऑफिसात असे एक तोफूसान असतातच. फाँटमध्ये अक्षर नसलं की त्याच्या जागी पोकळ चौकोन उमटतो. त्याला या धंद्यात तोफू म्हणतात, आणि तो हुडकणारे म्हणून हे तोफूसान. अर्थात हे नाव त्यांच्या पाठीमागचं. लग्नाच्या पंगतीत "कोणी जेवायचं राहिलं का?" म्हणत फिरणारे, स्वतः उपाशी असलेले काका असतात ना, अगदी तसा स्वभाव.

"आरे?" हा त्यांचा लाडका उद्गार. संध्याकाळी सहाला तो ऐकू आला, की घरी वेळेवर जायचा बेत आम्ही मनातच रद्द करतो.

नवीन पोरगं फाँटफोर्ज या फाँट बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये जपानी फाँट उघडतं. खिडकीत इंग्रजी अक्षरं तेवढी दिसतात, कांजी एकही नाही. पोरगं पांढरंफटक. तोफूसान मागे येऊन उभे राहतात. "चोत्तो मात्ते," म्हणजे जरा थांब. मग सीआयडी मेनू उघडतात. अशा फाइलच्या पोटात अनेक उपफाँट असतात आणि फाँटफोर्ज एका वेळी एकच दाखवतं. कांजी शेजारच्या उपफाँटात सुखात नांदत असतात. एवढ्यावर थांबतील तर ते तोफूसान कसले? उत्तर दोन मिनिटांचं, पुढचं निरूपण तासाभराचं. २०१४ साली गूगल आणि अ‍ॅडोबीने चिनी, जपानी, कोरियन एकत्र घेऊन जो फाँट काढला त्यात ६५,५३५ आकार आहेत, कारण एका फाँटमध्ये त्याहून जास्त मावतच नाहीत. हे आम्ही कौतुकाने ऐकतो. तोफूसान मात्र हळहळतात, "म्हणजे कोणीतरी बाहेर राहिलंच की!"

त्यांच्याबरोबर योशिनोया नावाच्या खाणावळीत जेवायला जाऊ नये. पाटीवरच्या 'योशी'ची वरची रेघ खालच्या रेघेपेक्षा आखूड आहे, हे ते दारातच थांबवून दाखवतात. या आखूड रेघेच्या अक्षराचा युनिकोड क्रमांक इतका पुढचा आहे, की जुनी सॉफ्टवेअरं ते गिळून टाकतात. इकडे वाडग्यातला भात निवतो.

पार्टीत एक ग्लास बिअर झाली की चीनचे झू रोंगजी निघतात. पंतप्रधान झाले तरी त्यांच्या नावातलं मधलं अक्षर १९८०च्या चिनी संचात नव्हतं! मग तैवानचे माजी पंतप्रधान यू शी-कुन. त्यांचं शेवटचं अक्षर तिथल्या बिग-फाइव्ह संचात नाही, म्हणून 'चौकोन, चौकोन, माती' असे त्याचे सुटे तुकडे लिहावे लागत. सगळे पाठ असूनही आम्ही हसतो.

शिशाच्या खिळ्यांचा काळ त्यांना फार प्रिय. खिळा मिळाला नाही तर जुळारी दुसराच एखादा उलटा बसवायचा. प्रुफावर दोन जाड पट्टे उमटायचे, गेता नावाच्या लाकडी खडावा घातलेल्या पावलाच्या ठशासारखे दिसतात म्हणून त्यांना गेताच म्हणत. "तेव्हा उधारी उघड दिसायची," तोफूसान म्हणतात. आता सॉफ्टवेअर दुसऱ्याच फाँटमधलं अक्षर गुपचूप आणून बसवतं आणि कुणाला पत्ता लागत नाही. त्यांना लागतो.

आणि एवढं सगळं करून हा माणूस भुतांनाही सोडत नाही. १९७८च्या जपानी संचात काही अक्षरं चुकून शिरली. एका गावाच्या नावासाठी 'डोंगर' आणि 'बाई' ही अक्षरं कापून एकाखाली एक चिकटवली, कागदाच्या कडेची सावली रेघ म्हणून वाचली गेली, आणि जगात नसलेलं एक अक्षर कायमचं प्रमाण झालं. जपानीत यांना भुताची अक्षरं म्हणतात. कोणी वापरत नाही, तरी तोफूसान ती मन लावून काढायला लावतात. "संचात आहे ना? मग हवंच."

कधी अशा माणसाला फाइल पाठवायची वेळ आली, तर कृपा करून 'बहुतेक सगळी अक्षरं आली आहेत' असं लिहू नका. 'बहुतेक' वाचलं की ते त्या रात्री झोपत नाहीत, आणि आम्हालाही झोपू देत नाहीत.