थाप मारणारं बटण

आयबीएमने १२ ऑगस्ट १९८१ रोजी आपला पर्सनल कॉम्प्युटर जाहीर केला, तेव्हा त्याला रीसेटचं बटण नव्हतं. उजव्या कुशीला, मागच्या अंगाला एक दणकट लाल खटका तेवढा होता. यंत्र अडलं की तो खाली पाडायचा, पंखा थांबेपर्यंत उगाच छताकडे बघायचं आणि पुन्हा वर करायचा. नंतरच्या असेंबल्ड मशीनांना टर्बो बटणाशेजारी रीसेट आयतंच मिळालं. पण थोरल्या घराण्यातली ही मंडळी त्याविनाच राहिली.

कंट्रोल-ऑल्ट-डिलीट होतं ना, असं कुणी म्हणेल. होतं. आयबीएमच्याच डेव्हिड ब्रॅडली या इंजिनिअरने ते योजलं, तेही घरच्या मंडळींचा वेळ वाचावा म्हणून. जगभर गाजलं ते पुढे. दोन कळा डावीकडे, तिसरी पार उजवीकडे, म्हणजे चुकून एका हाताने दाबल्या जाऊ नयेत. पण कळा दाबल्याचं समजायला प्रोसेसरने कीबोर्डची हाक ऐकायला हवी. अडेलतट्टू प्रोग्रामने नेमकी तीच बंद केली असेल, तर साहेब जागेवर नसल्याची तक्रार आपण साहेबांच्याच टेबलावर ठेवून येतो.

मग हौशी माणूस स्क्रू-ड्रायव्हर काढतो. पॉवर सप्लायकडून मदरबोर्डला एक बारीकसा निरोप जात असतो, ‘पॉवर गुड’ नावाचा : वीज नीट आली, लागा कामाला. तो मिळेपर्यंत ८२८४ ही क्लॉकची चिप ८०८८ प्रोसेसरला रीसेटमध्येच धरून ठेवते. या निरोपाची तार आणि ग्राउंड यांच्यामध्ये एक पुश-टू-ऑन बटण लावायचं. दाबलं की यंत्राला वाटतं वीज बिघडली, सोडलं की वाटतं सुधारली. वीज बिचारी जागची हललेलीही नसते.

मला या जोडणीचं हेच आवडतं. दुरुस्ती कसलीच नाही, निव्वळ थाप! आणि ती इतकी बेमालूम, की ८०८८ निमूटपणे आपल्या १०,४८,५७६ बाइटांच्या विस्तारातल्या शेवटच्या सोळा बाइटांपाशी जाऊन श्रीगणेशा करतो. (शेवटाकडून सुरुवात करायची, ही त्याची जन्मखोड.) हार्ड डिस्क मात्र फिरतच राहते, लाल खटक्याने तिची होणारी दमछाक वाचते.

उरला प्रश्न जागेचा. सुरुवातीच्या ॲपल टूवर रीसेटची कळ रिटर्नच्या डोक्यावरच होती. बोट जरा घसरलं की चाललेलं काम तिथेच बंद. पुढे तिला कंट्रोलची जोड द्यावी लागली. तेव्हा पुढच्या पत्र्याला भोक पाडायचा मोह आवरलेला बरा; लोखंडाचा कीस मदरबोर्डवर पडला, तर रीसेटने भागणार नाही. मागच्या रिकाम्या स्लॉटच्या पट्टीत बटण झकास बसतं. दाबायला मॉनिटरमागे चाचपडावं लागतं, पण तेवढ्या वेळात कधीकधी लक्षात येतं, की यंत्र अडलंच नव्हतं, फ्लॉपी वाचत होतं.