काटेशास्त्री

त्याला ओळखणं अवघड, कारण कामावर असताना त्याचे फक्त डोळे दिसतात. अंगभर पांढरा सूट, तोंडावर मास्क, हातमोज्यांवर आणखी हातमोजे. बघणाऱ्याला वाटतं, जुन्या हाडातल्या कसल्यातरी रोगाला घाबरत असेल. छे! हा घाबरतो ताज्या कॉड माशाला. प्राचीन माशांचा डीएनए काढणारे हे काटेशास्त्री ऑस्लो विद्यापीठात भेटतात, तसे इतरत्रही. कॉडच्या हाडात माणसाचा डीएनए मिसळला तर तो लगेच ओळखता येतो. पण आजच्या कॉडचा कण जरी हजार वर्षांपूर्वीच्या कॉडमध्ये शिरला, तरी सगळं सोवळं मोडलं! म्हणून शेजारच्या प्रयोगशाळेत ताजे मासे हाताळणाऱ्या मित्राला याच्या खोलीत पाऊल टाकता येत नाही. मग ब्लीच, मग अतिनील किरण, मग पुन्हा ब्लीच. आमच्या आजीचं सोवळंसुद्धा इतकं कडक नव्हतं.

आपल्याला वस्तू धडधाकट आवडते, याला मोडकी. मासा मेल्यावर त्याच्या डीएनएचे तुकडे पडू लागतात, आणि तुकड्यांच्या टोकांना ‘सी’ अक्षराच्या जागी ‘टी’ वाचलं जातं. ही पडझड दिसली की स्वारी खूश. लांबलचक, सुरेख तुकडा हाती आला की चेहरा पडतो: “हा कालचा दिसतोय.”

एक आकडा त्याला तोंडपाठ असतो: 521. न्यूझीलंडच्या मोआ पक्ष्याच्या हाडांवरून 2012 साली काढलेलं डीएनएचं अर्धायुष्य, वर्षांत. पण तो हिशेब सुमारे 13 अंश सेल्सिअसचा. थंडी वाढली की आयुष्य वाढतं, ऊब आणि ओल वाढली की घटतं. एखाद्या मुंबईकराने अभिमानाने सांगावं, “अहो, आमच्या किनाऱ्यावर तर मासेच मासे!” हा लगेच विचारणार, “सरासरी तापमान?” सत्तावीस अंश ऐकलं की आवाज खाली आणतो आणि दुखवट्याला आल्यासारखा गप्प बसतो.

स्वयंपाक्यांवर त्याचा जुना राग आहे. मासा उकळला की डीएनए मोडतो, त्यामुळे हजार वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा गृहिणीचं चविष्ट सूप त्याला घातपात वाटतं.

माणसाच्या हाडांवर काम करणारे सहकारी कानाच्या आतल्या भागाभोवतीचं घट्ट हाड मिळावं म्हणून संग्रहालयाच्या पायऱ्या झिजवतात. त्यांच्यापुढे याची मान ताठ. कॉडच्या हाडात हाडाच्या पेशीच नसतात, तरी त्यातून डीएनए निघतो, आणि डोक्याचं हाड असो की शेपटीचा मणका, याला कुठलंही चालतं. पूडही काही मिलिग्रॅमच लागते. एवढी माफक मागणी ऐकूनही क्युरेटर मणका हातात देताना असा काही बघतो, जणू लेक सासरी चालली आहे.

व्हायकिंगांवर मात्र त्याचं मनापासून प्रेम. उत्तर नॉर्वेतल्या लोफोटेन बेटांवर कॉडचं डोकं कापून धड मिठाशिवाय थंड वाऱ्यावर सुकवायचं, ही रीत त्यांच्याइतकीच जुनी. डोक्याची हाडं तिथेच राहतात. शेपटीकडचे मणके आणि कल्ल्यामागचं हाड माशाबरोबर परमुलखात जातात. त्यामुळे उकिरड्यात नुसतेच मणके दिसले, डोकी नाहीत, की हा ओळखतो: मासा बाहेरून आलेला.

पण बाहेरून म्हणजे कुठून? इथे त्याचं खरं काम सुरू होतं. आजच्या जर्मनीतलं हाइथाबू हे व्हायकिंगांचं बंदर 1066 मध्ये उद्ध्वस्त झालं. तिथल्या कॉडच्या पाच हाडांचा डीएनए ऑस्लोच्या बास्तियान स्टार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाचला. हाडं 800 ते 1066 या काळातली. कॉडच्या गुणसूत्रांचे काही मोठे तुकडे उलटे बसलेले असतात, आणि हे उलटेपण कुठल्या समुद्रात किती आढळतं ते ठरलेलं असतं. त्यावरून पत्ता लागला: हे मासे जवळच्या बाल्टिक समुद्रातले नव्हते, थेट आर्क्टिककडचे होते. हजार किलोमीटरहून जास्त प्रवास करून सुका मासा बाजारात आला होता, हे 2017 मध्ये प्रसिद्ध झालं.

एवढं कळायला पाच हाडं पुरली. तेव्हा असा कुणी भेटला तर “पण याचा उपयोग काय?” हा प्रश्न जरूर विचारा. फक्त विचारण्याआधी घरी कळवून ठेवा, की जेवायला वाट पाहू नका.