तिकीट, तंबोरा आणि तूप: नवशिक्यांसाठी

निघण्याआधी घरी काय सांगायचं ते ठरवून घ्यावं. "धारवाडला पेढे खायला चाललोय" म्हटलं, तर ज्येष्ठ मंडळी लगेच साखरेच्या तपासणीचा विषय काढतात. "धारवाडला मल्लिकार्जुन मन्सूरांचं घर बघायला चाललोय" म्हटलं, की तीच मंडळी वाटेत खायला दशम्या बांधून देतात. गाडी तीच, गाव तेच, परतताना पिशवीतले पेढेही तेच. फक्त पहिल्या वाक्यानं तुम्ही खादाड ठरता आणि दुसऱ्यानं रसिक. ज्यांच्या घरी गाणं हेच व्यसन समजलं जातं, त्यांनी वाक्यांची अदलाबदल करून घ्यावी.

भटकंती, गाणं आणि खाणं एकाच सहलीत बसवायची हौस आता पुष्कळांना लागली आहे आणि त्यातले निम्मे थेट व्हिएन्नापासून सुरुवात करतात. नवशिक्यानं तसं करू नये. त्यानं मिरजेपासून सुरुवात करावी. मिरजेहून बेळगाव, धारवाड, हुबळी करत कुंदगोळला पोचणारा लोहमार्ग या अभ्यासक्रमाला पुरेसा आहे. तिकीट स्वस्त, भाषा दोन आणि भाकरी शेवटपर्यंत एकच, ज्वारीची.

प्रत्येक पंथाला मूळपुरुष लागतो. आपले मूळपुरुष भीमसेन जोशी. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीची रेकॉर्ड कानावर पडली आणि हा मुलगा गाण्यानं झपाटला, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण १९३३ साली अकराव्या वर्षी तो घरातून पळाला त्याचं तात्कालिक निमित्त तूप होतं. भातावर आणखी तूप हवं होतं, ते मिळालं नाही, अशी ती आठवण सांगतात. खिशात पैसे नव्हते, म्हणून तिकीट नव्हतं. तिकीट तपासायला आलेल्यांना गाणं ऐकवत तो गुरूच्या शोधात उत्तरेकडे गेला. गाणं, प्रवास आणि जेवणावरचं भांडण, तिन्ही एका दिवसात. पुढे मैफलींसाठी त्यांचा विमानप्रवास इतका वाढला की लोक त्यांना 'हवाई गंधर्व' म्हणू लागले. तेव्हा गाण्याच्या सहलीत जेवणाचा विचार करणं कमीपणाचं आहे असं कुणी सुनावलं, तर त्याच्यासमोर तुपाची वाटी ठेवावी आणि गप्प बसावं.

आता पूर्वतयारी. पोटाची तयारी तुम्हाला सांगायला नको. कानाची तयारी म्हणजे मुख्यतः मानेची. समेवर मान हलली पाहिजे. सम कळत नसेल, तर शेजारच्याची मान बघावी. त्यालाही कळत नसेल, तर तबलजीकडे बघावं. त्याला कळणं भाग असतं. "वा" हळू म्हणावं आणि उशिरा म्हणू नये. उशिरा आलेली दाद पुढच्या आलापात घुसते आणि पहिल्या रांगेतली माणसं वळून बघतात. "क्या बात है" पहिल्या सहलीत वापरूच नये.

सोबतीला दोन प्रकारची माणसं टाळावीत: ज्याला गाण्यातलं सगळं कळतं तो, आणि ज्याला पित्त आहे तो. दोघंही "हे काही खरं नव्हे" एवढंच म्हणतात, फक्त वेगवेगळ्या वेळी.

मिरजेत उतरल्यावर पहिलं काम सतारमेकर गल्ली. तलवारींना धार लावणारी शिकलगार मंडळी एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यांकडे वळली. फरीदसाहेब हे त्यातलं आद्य नाव. त्यांचा वारसा सांगणारी घरं आजही तंबोरे आणि सतारी घडवतात. दारात भोपळे वाळत पडलेले दिसतील. हे भोपळे खायचे नसतात, हे खवय्यांनी लक्षात ठेवावं. ते कडू असतात आणि तंबोऱ्यासाठीच पिकवतात. ते येतात पंढरपूर-मंगळवेढ्याच्या पट्ट्यातून, म्हणजे ज्या मातीतली ज्वारी नावाजलेली आहे त्याच भागातून. एकाच शिवारातून भाकरीही निघते आणि षड्जही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, धारवाडच्या पेढ्याला आहे आणि २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्यालाही मिळालं. सरकारी यादीत या सहलीचा बेत आधीच तयार आहे. आपण फक्त गाडीत बसायचं.

दुकानात शिरल्यावर तारांना बोट लावायचा मोह आवरावा. त्याऐवजी जवारी लावणं चालू असेल तर कोपऱ्यात उभं राहून बघावं. कारागीर घोडीचा माथा कानशीनं किंचित घासतो, तार छेडतो, मान तिरकी करतो, पुन्हा घासतो. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक धागा सरकवतो, धागा पुढेमागे करता करता एका जागी येतो, आणि इतका वेळ नुसती ठणठणणारी तार एकदम गोल, भरलेली वाजू लागते. त्या जागेला माप नाही, ती कानानं शोधायची. हे चालू असताना "केवढ्याला पडतो?" असं विचारू नये. किमतीची चौकशी जवारी लागल्यावर. मग शांतपणे बाहेर येऊन एक मोठी पुडी भडंग घ्यावं. सांगलीचं चांगलं की जयसिंगपूरचं, या वादात पडू नये. या भागात तो घराण्यांच्या वादापेक्षा गंभीर आहे.

संध्याकाळी ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्यात जावं. अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर इथेच आहे. १९३७ साली मद्रासहून पाँडिचेरीला जाताना वाटेतल्या एका स्टेशनवर त्यांनी देह ठेवला आणि त्यांना मिरजेला आणलं. म्हणजे शेवटचा प्रवासही रेल्वेचा. उरुसाच्या वेळी त्यांच्या स्मरणार्थ दर्ग्याच्या आवारात चिंचेच्या झाडाखाली गाणं होतं आणि नामवंत गवई हजेरी लावून जातात. ग्वाल्हेरला तानसेनाच्या कबरीजवळच्या चिंचेचा पाला खाल्ला की गळा गोड होतो अशी जुनी समजूत आहे. नवशिक्यानं हा प्रयोग मिरजेच्या चिंचेवर करू नये. जिभेचं सार्थक करायला पुढे बरीच स्टेशनं आहेत.

गाडीत कानाला काहीतरी हवं. मोबाइलवर खाँसाहेबांच्या जुन्या रेकॉर्डी शोधाव्यात. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. घटप्रभेला घेतलेला चहा निवायच्या आत राग पुरा होतो. ज्यांना तासाभराच्या ख्यालाची धास्ती वाटते त्यांच्यासाठी ही उत्तम सोय. वाटेत गोकाकचं करदंट (डिंक, गूळ, सुकामेवा, दात शाबूत असतील तरच) आणि बेळगावचा कुंदा. दोन्ही घ्यावेत, पण डबे उघडू नयेत. पेढ्याआधी जीभ गोड करून ठेवणं म्हणजे मुख्य गवयाआधी भैरवी उरकण्यासारखं आहे.

धारवाडला उतरून थेट लाइन बाजार. पेढ्याच्या दुकानासमोर रांग दिसेल. ती बघून निराश होऊ नये आणि शेजारच्या दुकानात तर मुळीच शिरू नये. रांगेत वेळ घालवायला एक विचार देतो. हा पेढा मूळचा इथला नव्हे. प्लेगच्या दिवसांत उत्तर प्रदेशातल्या उन्नावहून आलेल्या ठाकूर कुटुंबानं तो इथे आणला. अब्दुल करीम खाँसाहेबही मूळचे उत्तर प्रदेशातलेच, कैरान्याचे. म्हणजे ज्या दोन गोष्टींसाठी आपण इतक्या लांब आलो, त्या दोन्ही आपल्यापेक्षा लांबून आल्या आणि इथल्याच होऊन राहिल्या. पेढ्याला इथल्या म्हशींचं दूध मिळालं, खाँसाहेबांच्या किराणा घराण्याच्या गायकीला इथले गळे: कुंदगोळचे रामभाऊ, हुबळीच्या गंगूबाई, गदगकडचे भीमसेन. खवा मंद आचेवर तांबूस होईपर्यंत परतत राहायचा, घाई केली की करपतो. विलंबितातली बढतही अशीच, एकेक स्वर नीट भाजून निघाल्याशिवाय पुढचा घ्यायचा नाही. हा विचार शेजाऱ्याला ऐकवू नये. तो धारवाडचा असेल, तर त्याला हे माहीत असतं आणि त्याला फक्त पेढा हवा असतो.

दुपारी खानावळीत ज्वारीची कडक भाकरी, भरली वांगी, शेंगदाण्याची चटणी आणि दही. भाकरी मोडताना होणारा आवाज मुद्दाम ऐकावा. आपल्याकडची भाकरी मऊ, इकडची खणखणीत. काहींना ती पापड वाटते आणि ते मऊ भाकरी मागतात. मिळतेही. पण वाढणारा तुमच्याकडे ज्या नजरेनं बघतो, ती नजर बेसूर गाणाऱ्यांसाठी राखून ठेवलेली असते.

जेवण झालं की मन्सूरांच्या घरी, 'मृत्युंजय'ला, जायलाच हवं. घरी सांगून आलो आहोत. मन्सूर किराण्याचे नव्हेत, जयपूर-अत्रौलीचे. कोल्हापूर दरबारचे गवई अल्लादियाखाँ यांच्या दोन मुलांकडे, मंजीखाँ आणि भुर्जीखाँ यांच्याकडे, ते शिकले. त्यांची ख्याती अनवट रागांची. अशा गाण्याला बसल्यावर राग ओळखायची हौस सगळ्यांना येते आणि हॉलमध्ये कुजबुज सुरू होते. त्यात भाग घेऊ नये. कुणी विचारलंच, तर "जोड राग दिसतोय" म्हणावं. बहुधा चालून जातं.

हुबळीला संध्याकाळी गिरमिट आणि मिरची भजी. गिरमिट म्हणजे कांदा-टोमॅटोच्या मसाल्यात कालवलेले चुरमुरे. मिरजेचं भडंग उरलं असेल, तर ते पिशवीतून बाहेर काढू नये.

कुंदगोळ हुबळीहून रेल्वेनं जवळ. गंगूबाई तरुणपणी याच गाडीनं सवाई गंधर्वांकडे शिकायला जायच्या. गावात नाडगीरांचा वाडा आहे. अब्दुल करीम खाँसाहेब इथे मुक्काम करायचे, आणि गावचाच मुलगा रामभाऊ त्यांचा शिष्य झाला. त्यालाच पुढे लोकांनी सवाई गंधर्व म्हटलं. तुपासाठी पळालेले भीमसेनही सगळा उत्तर हिंदुस्थान पालथा घालून अखेर याच गावात, घरापासून काही तासांच्या अंतरावर, शिकायला येऊन राहिले आणि गुरूच्या घरचं पाणी भरू लागले. कुंदगोळला खास म्हणून खायला काय मिळतं, असं नवशिक्या हमखास विचारतो. काही नाही. चहा प्यावा, वाडा बघावा.

अभ्यासक्रमाची परीक्षा डिसेंबरात पुण्यात असते. गुरू गेल्यावर १९५३ पासून भीमसेनांनी त्यांच्या नावानं जो महोत्सव सुरू केला, त्यात आत मंडप आणि बाहेर खाण्याचे स्टॉल अशी दुहेरी बैठक असते. ध्वनिक्षेपकाचे नियम येण्यापूर्वी तो रात्रभर चालायचा आणि लोक पहाटेचा ललत ऐकून थेट नाश्त्याला जायचे. स्टॉलच्या रांगेत मागचा काका "पूर्वीचं सवाई राहिलं नाही" म्हणेल. त्याला विरोध करू नये, पण पुढेही जाऊ देऊ नये. वडा हातात पडला आणि त्याच क्षणी आतून तंबोरे जुळल्याचं ऐकू आलं, तर गोंधळून वडा टाकून धावू नये. आधी फलकावर घराणं बघावं. जयपूरचा गवई असेल, तर वडा दोन घासांत संपवून पळावं. किराण्याचा असेल, तर दुसरा सांगायला हरकत नाही. चटणी वेगळी मागून घ्यावी.